‘पोरीला म्हैन्याला काय मिळतंय?’ : बार कौन्सिलला एक खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, मुंबई.

विषय : शिष्यवृत्तीवर वकील झालेल्या मुलांची सनदेनंतरची (वकिलीच्या परवान्यानंतरची) पहिली तीन वर्षं.

महोदय, महोदया,

हाताला वळण असं लागलंय की कागद समोर आला की ‘विनंती अर्ज ऐसाजे’ हेच शब्द आधी उमटतात. पण हा अर्ज नाही. याला कोर्ट फीचं तिकीट लागलेलं नाही आणि याच्यावर ‘से’ (समोरच्याचं म्हणणं) मागवला जाईल अशी आशाही नाही. म्हणून उघड लिहितो.

गेली २२ वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. दिवाणी जास्त, फौजदारी कमी, वाटणीचे दावे तर विचारूच नका. कोर्टासमोरच्या गाळ्यात ऑफिस आहे, एक टायपिस्ट आहे, आणि ज्युनियर येतात-जातात. या येण्या-जाण्याबद्दलच हे पत्र आहे. येणं सोपं असतं. त्यांचं जाणं मी इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं.

२०२४च्या ऑक्टोबरात एक मुलगी माझ्याकडे आली. तालुक्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव, वडिलांची दीड एकर जमीन. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत निम्मी फी निघाली, अल्पभूधारकाची मुलगी म्हणून पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता मिळाला, आणि तीन वर्षांची एलएल.बी. पार पडली. पहिल्या दिवशी वडील सोबत आले होते. खुर्ची दिली तरी टेकून बसले नाहीत. मी चहा मागवला, कोर्टाच्या कामाबद्दल चार शब्द सांगितले. चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, “सायेब, पोरीला म्हैन्याला काय मिळतंय?”

मी नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, “मामा, अजून शिकतेय ती.”

“आवो, शिकून झालं म्हणूनच तर हिकडं आणली न्हवं?”

मी हसलो. मुलगी खाली बघत होती. टायपिस्टचं टायपिंग थांबलं होतं. पुढे मी माझ्या सीनियरांची गोष्ट सांगितली. आम्ही कसे दोन वर्षं नुसत्या चहावर काढली, नक्कल आणून दिली की पन्नासची नोट कशी मिळायची, तीसुद्धा पक्षकार खुशीत असला तर. ही गोष्ट तुम्हीही सांगितली असेल. आपल्या धंद्यात ती हळदीकुंकवाच्या वाणासारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मामांनी ती ऐकून घेतली, “बरं” म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले.

सरकार पदवीपर्यंत बोट धरतं, हे मान्यच केलं पाहिजे. माझ्या वेळेला ईबीसीचा, म्हणजे आर्थिक मागासांच्या सवलतीचा, फॉर्म होता. आता महाडीबीटी हे सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल आहे. स्क्रुटिनी, सेंड बॅक, पुन्हा अपलोड, आधारला जोडलेलं खातं, आणि शेवटी ते ‘रिडीम’चं बटण. सायबर कॅफेवाल्याला या मुलांच्या घरचं उत्पन्न तलाठ्यापेक्षा जास्त पाठ असतं. हप्ता परीक्षेनंतर येतो, तोवर कॉलेज फीसाठी मागे लागतं, हे सगळं खरं. तरी पैसे येतात. २०२४-२५पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातल्या, आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. या योजनेमुळे आणखी मुली कायद्याकडे वळतील, वळाव्यातच.

पण पदवीचा निकाल लागला की काय काय संपतं ते बघा. वसतिगृह संपतं. भत्ता संपतो. एसटीचा विद्यार्थी पास संपतो. आणि नेमक्या त्याच महिन्यात कोट, बँड, सनदेचा फॉर्म, अखिल भारतीय बार परीक्षेची फी असा खर्च सुरू होतो. डॉक्टरकीच्या मुलाला इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं. सीएच्या आर्टिकलशिपला विद्यावेतन आहे, कमी का असेना, नियमात लिहिलेलं आहे. आपल्याकडे पहिल्या तीन वर्षांना नावसुद्धा नाही. ती मुलं विद्यार्थी राहिलेली नसतात आणि नोकर तर नसतातच. वकील म्हणावं, तर पक्षकार त्यांना “साहेब कधी येणार?” एवढंच विचारतो.

सनदेच्या फीबद्दल आधी बोलतो, कारण तिथं एक गोष्ट सरळ झाली आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्ये नोंदणीची फी लिहिलेली आहे : ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. तरी वेगवेगळी नावं देऊन राज्याराज्यांतल्या कौन्सिली १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात हे बंद केलं. कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा एक रुपया जास्त घेता येणार नाही, आणि जास्तीची फी ही गरीब, वंचित घरातल्या मुलांना दारातच अडवणारी आहे, असं न्या. चंद्रचूड आणि न्या. पारडीवाला यांच्या खंडपीठानं सांगितलं. माझ्या या ज्युनियरला ७५० रुपयांत सनद मिळाली. निकाल दोन-तीन महिने उशिरा आला असता तर तिच्या वडिलांनी सोसायटीतून उचल घेतली असती.

तुमची अडचणही कळते. ७५० हा आकडा १९९३च्या दुरुस्तीतला आहे. तेव्हाचे साडेसातशे आणि आजचे साडेसातशे यांत किती फरक आहे ते कोणीही सांगेल. एवढ्यात कौन्सिलचा कारभार चालवणं कठीण आहे. तो आकडा संसदेनं बदलावा, त्याला माझा विरोध नाही. फक्त तो भार पहिल्या पायरीवरच्या मुलांवर पडू नये. २० वर्षं वकिली केलेल्या माझ्यासारख्यांकडून घ्या.

सनदेच्या पैशाची ही अडचण नवी नाही. डॉ. आंबेडकर १९२३मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिका झाली होती, इंग्लंडच्या शिक्षणाला शाहू महाराजांचीही मदत झाली होती. तरी मुंबईत वकिली सुरू करायला सनदेचे पैसे नव्हते. ते मित्र नवल भथेना यांनी दिले. एवढ्या पदव्या, दोन दोन संस्थानिकांचा आधार, आणि शेवटी गाडी अडली ती सनदेपाशी.

आता मुद्द्यावर येतो. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान ३ वर्षं वकिलीची अट परत आणली. त्याआधी आपल्या राज्यात चांगले गुण असलेल्या नव्या पदवीधरालाही जेएमएफसीच्या, म्हणजे याच कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या, परीक्षेला थेट बसता येत होतं. निकालामागचं कारण मला पटतं. कोर्टात कधी उभं न राहिलेला न्यायाधीश कसा असतो, हे मी पाहिलं आहे. पुरसिस (पक्षकाराचं कोर्टाला लेखी निवेदन) आणि मुदत अर्ज यांतला फरक पट्टेवाल्यानं समजावून दिल्याचा प्रसंग आमच्या बाररूममध्ये अजून रंगवून सांगितला जातो. पण तीन वर्षं वकिली करा असं सांगताना, ती तीन वर्षं जेवायचं कुठं, हे कोणी सांगितलं नाही.

गरीब घरातल्या हुशार मुलासाठी जेएमएफसी ही काय चीज आहे, हे मुंबईत बसून पटकन लक्षात येणार नाही. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाचं मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होतं. लाल दिव्याची गाडी आता राहिली नसली तरी गावात ‘जजसाहेब’ हा शब्द आहेच. बापाचा वारसा लागत नाही, ऑफिस लागत नाही, पक्षकार लागत नाही, अभ्यास लागतो. वकिलीत ज्याला शिडी म्हणता येईल अशी ही एकच होती. तिची खालची पायरी आता तीन वर्षं वर गेली.

निकाल आला तेव्हा कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती. संध्याकाळी तिचा फोन आला. “सर, तीन वर्षं कधीपासून धरायची? तात्पुरत्या सनदेपासून की बार परीक्षेपासून?” मी निकाल वाचून सांगितलं, तात्पुरत्या नोंदणीपासून. “म्हणजे सात महिने झाले,” ती म्हणाली. “एकोणतीस राहिले.” त्या वेळेपर्यंत मी तिला एक पैसा दिला नव्हता. जूनपासून ३ हजार सुरू केले. देताना मला आपण फार उदार आहोत असं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

हिशोब असा. एसटीत महिला सन्मान योजनेमुळे अर्धं तिकीट. तरी जाऊन-येऊन रोजचे ५० रुपये. महिन्याला सरासरी २२ दिवस धरले तर ११०० रुपये. ती माझ्याकडे १४ महिने होती. एसटीचे झाले १५,४००. पहिले ८ महिने मी काही दिलं नाही, नंतरचे ६ महिने ३ हजारांप्रमाणे १८ हजार दिले. उरले २६००. बार परीक्षेची फी ३५००. म्हणजे १४ महिने वकिली करून ती ९०० रुपयांनी तोट्यात आली, आणि यात कोट, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज, डबा न आणलेल्या दिवशीचा वडापाव धरलेला नाही. उलटतपासणी घ्यायची झाली तर माझ्या साक्षीत कुठं भोक सापडणार नाही, आकडे माझ्याच डायरीतले आहेत.

आणि ती चांगली होती. चांगली म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तो शब्द फुकट जातो. एका वाटणीच्या दाव्यात समोरच्यांनी जुने फेरफार जोडले होते. मोडी वळणाचं, पुसट, तलाठ्याच्या हातचं लिखाण. मी वरवर पाहिलं आणि बाजूला ठेवलं. तिनं ते गठ्ठ्यासकट घरी नेलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “सर, या फेरफारात वारस चार लिहिलेत. पुढच्या सातबाऱ्यावर तीनच नावं चढलीत. आत्याबाईंचं नाव इतर हक्कातसुद्धा नाही.” वारस नोंदीतून बहीण गळलेली होती, आणि तीस वर्षांत ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दाव्याची दिशाच बदलली. तिला विचारलं, हे कसं दिसलं? म्हणाली, “आमच्या घरात पण असंच झालंय. आजीचं.”

असं डोळ्याला दिसणं पुस्तकातून येत नाही. अशी मुलं बारमध्ये टिकली नाहीत, तर गावाकडची आत्याबाई कोर्टात कोणाला दिसणार आहे?

डिसेंबरात ती गेली. एका फायनान्स कंपनीच्या वसुली विभागात, १६ हजार पगार. दिवसभर चेक बाउन्सच्या नोटिसा काढते. साच्यातलं पत्र, नाव आणि रक्कम बदलायची. पूर्णवेळ पगारी नोकरी असल्यामुळे सनद थांबवून ठेवावी लागली, म्हणजे तिथं काढलेली वर्षं त्या तीन वर्षांत धरली जाणार नाहीत. एकोणतीसचे बावीस झाले होते. बावीसवर घड्याळ बंद पडलं.

माझ्या वर्गातल्या साठ जणांपैकी आज वकिलीवर घर चालवणारे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतात. त्यातले निम्म्याहून जास्त वकिलांचीच मुलं. त्यांना बापाचं टेबल मिळालं, बापाची पुस्तकं मिळाली, आणि मुख्य म्हणजे “अमक्याचा मुलगा” म्हणून पहिला पक्षकार मिळाला. यात त्यांचा दोष नाही. बाकीचे कुठं गेले? एक पतसंस्थेत, एक इन्शुरन्समध्ये, दोघं-तिघं मुद्रांकाच्या आणि सर्चच्या कामात, एकाचं हॉटेल आहे आणि ते फार छान चाललंय. शिष्यवृत्तीवर शिकलेले यांतले किती, हे मी गेल्या महिन्यात प्रथमच मोजलं. ग्रुपवर विचारलं तर एकानं लिहिलं, “सगळेच होतो की रे.”

दुसरीकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून कॅम्पसवरच मोठ्या लॉ फर्ममध्ये गेलेल्या मुलांना पहिल्या वर्षी महिन्याला लाखाच्या वर मिळतात. मिळोत. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, संभाजीनगर अशी तीन विद्यापीठं आहेत, त्यांचा अभिमानच आहे. पण त्या लाखाची आणि माझ्या तीन हजारांची सरासरी काढून कोणी कॉलेजची जाहिरात केली, तर ती जाहिरात खोटी ठरणार नाही, आणि तो पगार प्रत्यक्षात कोणालाच मिळत नसेल. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, क्रमवारीत उतरणारी मोजकी लॉ कॉलेजं आपल्या मुलांना काय मिळतं ते निदान लिहून तरी देतात. देशात कायद्याचं शिक्षण देणाऱ्या संस्था २ हजारांच्या आसपास आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑगस्ट २०२५मध्ये नव्या कॉलेजांना तीन वर्षं बंदी घातली, ते योग्यच केलं. पण जी आहेत त्यांच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला काय सांगायचं? सीईटी दिली, राउंड लागला, प्रवेश घेतला. या रस्त्याचं टोक कुठं जातं, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं. सांगणाराही अंदाजानंच सांगतो, जसा मी सांगतो.

तुम्हाला मात्र अंदाजाची गरज नाही. कोणत्या साली, कोणत्या विद्यापीठाची पदवी घेऊन, किती जणांनी सनद घेतली, हे तुमच्या रजिस्टरात आहे. प्रत्यक्ष वकिली कोण करतं हे पडताळण्याचे नियम २०१५पासून आहेत. आम्ही सगळ्यांनी ते फॉर्म भरले, वकीलपत्रांच्या नकला जोडल्या. या दोन कागदांची सांगड घातली की एक साधा तक्ता निघतो : अमक्या वर्षी सनद घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी कोर्टात किती राहिले. कॉलेजवार काढा, जिल्हावार काढा, नावं नकोत. तो तक्ता दर जूनमध्ये, प्रवेशाच्या आधी, छापून काढा. मला खात्री आहे की तो वाचून काही मुलं कायद्याकडे येणारच नाहीत. त्यांची तीन वर्षं वाचतील. येतील ती डोळे उघडे ठेवून येतील.

मानधनाबद्दल तुम्हाला माहीत नाही असं काही मी सांगणार नाही. मद्रास उच्च न्यायालयानं २०२४च्या जूनमध्ये तमिळनाडूच्या कौन्सिलला ज्युनियरना चेन्नई, मदुराई, कोइमतूरमध्ये किमान २० हजार आणि इतरत्र १५ हजार द्यायला लावण्याबाबत आदेश दिला. त्याच ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं : शहरात २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार. पण शिफारस म्हणून. ती शिफारस आमच्या बाररूमच्या नोटीस बोर्डावर महिनाभर होती. सीनियर मंडळी चष्मा वर करून वाचत आणि एकमेकांकडे बघून हसत. मीही त्यात होतो.

का हसलो तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १५ हजार मी देऊ शकत नाही. तालुक्यातला वकील म्हणजे मुंबईच्या फोर्टातलं चेंबर नव्हे. माझा पक्षकार ऊसबिल जमा झाल्यावर फी देतो, कारखान्यानं बिल थकवलं की माझीही थकते. एखाद्या महिन्यात चांगले पैसे येतात, पुढचे दोन महिने टायपिस्टचा पगार खिशातून जातो. त्यामुळे सगळा भार सीनियरवर टाकणारी शिफारस कागदावरच राहणार, हे परिपत्रक लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असावं. आणि सक्ती केलीत तर दुसराच परिणाम होईल : मी ज्युनियर ठेवणारच नाही, आणि ठेवला तर ओळखीचा, नात्यातला, “काही दिलं नाही तरी चालेल” म्हणणारा ठेवीन. म्हणजे पुन्हा वकिलाचाच मुलगा.

म्हणून जिथं शिष्यवृत्ती थांबते तिथूनच ती पुढे न्यायला हवी. केरळ सरकारनं २०१८मध्ये तीन वर्षांपेक्षा कमी वकिली, तिशीच्या आतलं वय आणि लाखाच्या आतलं वार्षिक उत्पन्न असलेल्या वकिलांसाठी महिन्याला ५ हजारांपर्यंत मानधनाचा आदेश काढला. आंध्रनं २०१९मध्ये लॉ नेस्तम नावानं पहिली तीन वर्षं दरमहा ५ हजारांची योजना सुरू केली. ५ हजार फार नाहीत. पण माझ्या ३ हजारांत ते घातले असते तर ८ हजार झाले असते, आणि मला वाटतं ती गेली नसती. आपल्याकडे तर यंत्रणा आयती आहे. पदवीपर्यंत शिष्यवृत्ती घेतलेल्या प्रत्येक मुलाचा उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, आधार सगळं महाडीबीटीवर पडून आहे. त्यात सनदेचा नंबर टाकायची एक जागा वाढवायची. निम्मे पैसे सरकारनं द्यावेत, निम्मे आपण सगळ्यांनी. महाराष्ट्र अधिवक्ता कल्याण निधी अधिनियम १९८१पासून आहे. प्रत्येक वकीलपत्रावर आम्ही वेल्फेअरचं तिकीट लावतो. त्या निधीतून वकील गेल्यावर त्याच्या घरच्यांना मदत होते, ती व्हायलाच हवी. थोडी मदत वकील उभा राहत असतानाही होऊ दे. त्यासाठी नियम बदलावे लागतील, विधिमंडळात जावं लागेल. तुमच्यातले किती जण कोणकोणत्या पक्षात आहेत हे सगळ्या बारला माहीत आहे. तिथवर पोचणं तुम्हाला अवघड नाही.

लोक अभिरक्षकाच्या, म्हणजे गरीब आरोपींसाठी सरकारी खर्चानं लढणाऱ्या वकिलांच्या, जागा आहेत, तिथं सहायक म्हणून नव्या वकिलांना ठरलेलं मानधन मिळतं, हे मला कोणीतरी ऐकवेलच. योजना चांगली आहे. एका जिल्ह्याला अशा जागा किती, तेही मोजा. तीच गोष्ट मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचची. १८ ऑगस्ट २०२५ला तिथं काम सुरू झालं तेव्हा आम्ही सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी पेढे वाटले, चाळीस वर्षं त्यासाठी झगडलो होतो. काम वाढलं आहे. पण कोल्हापुरात खोलीचं भाडंही वाढलं आहे, आणि बेंचचं काम सगळं इंग्रजीत. तिथं पहिली रांग कोणाची लागली हे जाऊन बघा.

कोल्हापूरचा विषय निघाला म्हणून. ज्यांच्या नावानं आपण फीची शिष्यवृत्ती देतो, त्या शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढायला मदत केली. अस्पृश्याच्या दुकानात गिऱ्हाईक कुठलं येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. याच महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. दुकानाला पैसे देऊन ते राजवाड्यात परत गेले असते, तर ते दुकान महिन्याभरात बंद पडलं असतं. आपल्या सरकारनं त्यांचं नाव घेतलं, आणि गिऱ्हाईक व्हायचं तेवढं राहून गेलं.

एक शेवटची गोष्ट तुमच्या हातातली आहे, तिला पैसे लागत नाहीत. तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला कोणी द्यायचा, हे त्या मे महिन्याच्या निकालात लिहिलं आहे. त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यानं, किंवा किमान १० वर्षं झालेल्या वकिलानं द्यायचा आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा. म्हणजे ज्युनियरचं न्यायाधीश होणं आता माझ्यासारख्या सीनियरच्या सहीवर अडकलं आहे. ज्याच्या सहीवर असं काही अडकतं, त्याला फुकट काम करून घेण्याची आणखी एक सोय मिळते. हे होणार, आणि तुम्हालाही कळतंय की होणार. तेव्हा या दाखल्याचा एक नमुना कौन्सिलनं ठरवून द्यावा, त्यासाठी उच्च न्यायालयाला विनंती करावी, आणि त्यात एक ओळ असावी : ‘या काळात सदर वकिलास दरमहा किती मानधन दिले.’ रक्कम कितीही असो. शून्य असेल तर शून्य लिहायचं. सक्ती नाही, दंड नाही. फक्त आपल्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची.

गेल्या आठवड्यात ती ऑफिसला आली होती, सुट्टी काढून. म्हणाली, “सर, १४ महिन्यांचा दाखला देऊन ठेवाल का? पुढंमागं परत यायला जमलं तर बावीसच करावे लागतील.” टायपिस्टकडून दाखला करून घेतला. हजेरी, कामाचं स्वरूप, वर्तणूक. सही करायच्या आधी मी खाली पेननं एक ओळ वाढवली : ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५, मानधन निरंक. जून ते नोव्हेंबर २०२५, दरमहा रुपये ३,०००.

सही-शिक्क्यासाठी कागद आत पाठवला तेव्हा शिरस्तेदारांनी तो परत आणून माझ्यासमोर धरला. “वकीलसाहेब, हे कशाला लिहिलंय? कोणी विचारलं नव्हतं.”

मी म्हटलं, राहू दे.

आपला,
तालुका कोर्टातला एक वकील

सोबत : वरील दाखल्याची झेरॉक्स, ज्युनियरचं नाव खोडून.